पुण्यातल्या कसबा, सदाशिव पेठेतला जुना वाडा वाचवायचाय? मग आधी पाणी बघा, बाकी सगळं नंतर

दर वर्षी मे महिना आला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच, अरे आमचा पण वाडा आहे, भिंत फुगलीये, बिल्डर मागे लागलाय, तुम्ही तुमचं कसं केलं. दर वेळी फोनवर तासभर बोलण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. मी आर्किटेक्ट नाही, इंजिनिअर तर नाहीच. कसब्यात आमचा दोन चौकी वाडा आहे, त्यातला मागचा चौक आमच्या हातून गेला आणि पुढचा वाचला, ह्या दोन्हीतून जे शिकलो ते सांगतोय.

मुळात एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. वाडा म्हातारा होऊन पडत नाही. पाण्यानं पडतो नाहीतर भाऊबंदकीनं, आणि बऱ्याचदा भाऊबंदकी चालू असते म्हणून कौलं कोणी बदलत नाही आणि मग पाण्यानं पडतो. सागाचा खांब कोरडा ठेवला तर दोनशे वर्षं काही होत नाही त्याला, पण तुळईचं भिंतीत घुसलेलं टोक चार पावसाळे भिजलं की खलास.

आधी कागद आणि माणसं

सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, पण ह्याच्याशिवाय पुढे जाऊ नका. सिटी सर्व्हेमधून प्रॉपर्टी कार्ड काढा, आता ऑनलाइन पण मिळतं, आणि त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते बघा. आमच्या कार्डावर सात नावं होती, त्यातली चार माणसं वारलेली. वारसनोंद करून घ्यायलाच जवळजवळ दीड वर्ष गेलं. घरातल्या सगळ्यांना एकदा एका खोलीत बसवा (दिवाळीत नको, दिवाळीत भांडणं लवकर पेटतात) आणि फक्त एकाच कागदावर सह्या घ्या, की दुरुस्तीला आमची हरकत नाही, खर्च अमुक प्रमाणात. वाटणी, विकणं, कोणाला किती स्क्वेअर फूट, हे विषय त्या दिवशी काढायचे नाहीत. आमच्या एका काकांनी काढलाच, मग पुढची बैठक आठ महिन्यांनी.

भाडेकरू असतील तर त्यांना शत्रू समजू नका. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात दुरुस्तीची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि भाडं वर्षाला ४ टक्क्यांनी वाढवता येतं, पण मूळ भाडंच पन्नास रुपये असेल तर त्यातून कौलाची एक ओळ पण येत नाही हे दोघांनाही माहितीये. आम्ही सरळ बोललो, मटेरियल आमचं, तुमच्या खोलीतली मजुरी तुमची, आणि प्रत्येकाच्या खोलीचं माप घेऊन कागदावर दोघांच्या सह्या. ह्या मापाच्या कागदानं भाडेकरू एकदम निवांत झाले. कारण त्यांची खरी भीती वेगळीच असते, वाडा पाडला की आपण रस्त्यावर. तसं घर पडलं म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, २०१४ साली सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट केलंय, त्यामुळे 'पडू दे, मग जागा मोकळी होईल' असा सल्ला कोणी देत असेल तर तो ऐकू नका.

फोटो आणि मापं

एक टोक धरायला पुतण्याला घ्या आणि टेपनं सगळा वाडा मोजून काढा. खण किती, दोन खांबांमधलं अंतर किती, प्रत्येक खांबाला नंबर द्या आणि खडूनं लिहा. दिंडी दरवाजापासून सुरुवात करायची, ओसरी, सोपा, माजघर, देवघर, मग जिना चढून माडी, सगळ्यात शेवटी माळा. प्रत्येक खोलीचे चार भिंतींचे चार, छताचा एक आणि जमिनीचा एक असे सहा फोटो. कोनाडे, खुंट्या, फडताळं, महिरपी, खांबाखालचा तळखडा, सगळ्याचे वेगळे फोटो. हे नुसतं हौसेचं काम नाही, काम सुरू झालं की कुठली फळी कुठली होती हे कोणालाच आठवत नाही, आणि शेजारी बांधकाम सुरू झालं तर तुमची भेग आधीची की नंतरची हे ह्याच फोटोवरून ठरतं.

मोडी कागद निघाले तर रद्दीत घालू नका. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९१० साली काढलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेतच आहे, मोडी वाचणारी माणसं तिथे भेटतात.

भेगांवर काच लावा, हा जुना उपाय आहे आणि फुकटात होतो. फोटोफ्रेमवाल्याकडून पातळ काचेच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या आणायच्या, भेगेच्या दोन्ही बाजू खरवडून साफ करायच्या आणि पट्टी आडवी चिकटवायची, बाजूला पेन्सिलीनं तारीख. काच तडकली तर भेग जिवंत आहे, भिंत हलतेय. एक अख्खा पावसाळा काढून पण काच शाबूत असेल तर ती जुनी मेलेली भेग आहे, तिथे घाबरण्यासारखं काही नसतं. आम्ही अकरा ठिकाणी लावल्या, दोनच तडकल्या, आणि कॉन्ट्रॅक्टर मात्र सगळ्याच भिंती पाडायला निघाला होता.

पाणी

आता मुद्द्याचं. अक्षय तृतीयेच्या आसपास शाकारणी झालीच पाहिजे, जूनमध्ये कौलवाला मिळत नाही आणि मिळाला तर भाव करता येत नाही. सगळी कौलं उतरवायची, फुटकी वेगळी, वाशांवरच्या रिपा बघायच्या, कुजलेल्या बदलायच्या आणि परत रचायची. जुन्या वाड्यांचे मंगलोरी कौलांचे साचे वेगवेगळे असतात, एका साच्याचं दुसऱ्यात नीट बसत नाही, त्यामुळे कौलावरचा छाप बघून तसंच शोधा. जुन्या बाजारात चकरा मारा, पाडलेल्या वाड्याची कौलं मिळतात. (आणि हो, काही लोक 'अस्सल पेशवाई मंगलोरी कौलं' म्हणतात त्यांना सांगा की मंगलोरची फॅक्टरी बासेल मिशननं १८६५ साली काढली, तोपर्यंत पेशवाई जाऊन सत्तेचाळीस वर्षं झाली होती. तेव्हाची ती नळीची कौलं.)

कौलांवर पत्रा टाकून मोकळे होऊ नका. पत्र्याखाली हवा कोंडते, आत काय गळतंय ते दिसत नाही आणि तीन वर्षांनी वासे हाताला भुगा लागतात.

मग पन्हळ. वाड्याच्या चौकात चारी बाजूंनी पाणी येतं, पन्हळ तुंबली की ते सगळं खांबाच्या बुडाशी. पन्हळीचा पाइप जोत्याला लागूनच सोडलेला असतो, तो निदान तीन चार फूट लांब न्या. चौकातल्या फरशीचा उतार एकदा बादलीभर पाणी ओतून बघा, आमच्याकडे पाणी सरळ देवघराच्या भिंतीकडे जात होतं, कारण कधीतरी कोणीतरी चौकात नवीन शहाबादी बसवताना उतार उलटा काढला होता. त्या भिंतीची ओल आम्ही पंधरा वर्षं 'जुनी भिंत आहे, ओल येणारच' म्हणून सोडून दिली होती!

तिसरं म्हणजे वरच्या मजल्यावरची मोरी आणि संडास. हे सगळं नंतर केलेलं असतं, कडीपाटावर (लाकडी कड्या आणि फळ्यांच्या मजल्यावर) सिमेंट ओतून. लाकडावर सतत पाणी. शक्य असेल तर वरची मोरी बंदच करा आणि सगळे नळ तळमजल्यावर मागच्या बाजूला, वाड्याच्या सांगाड्याला न टेकणाऱ्या वेगळ्या बांधकामात न्या. घरातल्या म्हाताऱ्यांना जिना उतरवत नाही वगैरे अडचणी असतात, मान्य, आम्ही आजीची खोलीच खाली आणली.

आणि पिंपळ. भिंतीतलं पिंपळाचं, उंबराचं रोप दोन पानांचं असतानाच मुळासकट काढा. नुसतं वरून छाटलं तर मूळ आत जाड होत राहतं आणि दगड सरकवतं. मोठं झालं असेल तर ओढून उपटू नका, भिंतच बाहेर येते. कापून ताज्या बुंध्याला लगेच तणनाशक लावायचं, मूळ मेल्यावर जेवढं निघेल तेवढं काढायचं आणि पोकळी चुन्यानं भरायची.

इंजिनिअर, नोटीस आणि परवानग्या

स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या, पण फक्त आरसीसीचं, म्हणजे सिमेंट-लोखंडाचं काम करणाऱ्याकडून नको. लाकडी सांगाडा आणि चुन्याच्या भिंती आधी हाताळलेला माणूस हवा, कन्झर्व्हेशन आर्किटेक्ट असेल तर उत्तम. इन्टॅक ही संस्था १९८४ पासून ह्याच कामात आहे, पुण्यात त्यांची शाखा आहे, तिथे विचारलं तर नावं कळतात. आम्ही आधी बोलावलेल्या एका इंजिनिअरनं दहा मिनिटात वाडा बघून 'पाडा' लिहून दिलं होतं, माळ्यावर चढला पण नाही.

महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली तर घाबरून सही करू नका, आधी वर्ग बघा. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२-ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२-बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. नोटीस बहुतेक महापालिका कायद्याच्या कलम २६४ ची असते, त्याला मुदतीत लेखी उत्तर द्या, सोबत तुमच्या इंजिनिअरचा रिपोर्ट आणि फोटो जोडा. पण खरंच सी-१ असेल, कुठला खांब सटकलाय, भिंत दर आठवड्याला बाहेर येतेय, तर हट्ट करू नका, माणसं बाहेर काढा. दरम्यान टेकू लावायचा तर एक लक्षात ठेवा, वरच्या मजल्यावर टेकू दिला की बरोबर त्याच्या खाली खालच्या मजल्यावर पण टेकू पाहिजे, नाहीतर वरचं वजन नुसत्या कडीपाटावर येतं. टेकूच्या बुडाशी जाड फळी.

परवानगीचं दोन ठिकाणी बघायचं. एक, तुमचा वाडा महापालिकेच्या हेरिटेज यादीत आहे का आणि कुठल्या ग्रेडमध्ये. ग्रेड १ म्हणजे जवळजवळ काहीच बदलायचं नाही, ग्रेड २ मध्ये आतले बदल चालू शकतात, ग्रेड ३ मध्ये अजून थोडी मोकळीक. यादीत असाल तर हेरिटेज समितीकडे जावं लागतं, पण हेरिटेज टीडीआरचा (वाड्यावर न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याचा) मार्ग पण तिथूनच जातो, त्यामुळे यादीत नाव आलं म्हणून रडत बसू नका, माहितगार आर्किटेक्टकडून तुमच्या केसमध्ये काय मिळू शकतं ते समजून घ्या.

दुसरं म्हणजे शनिवारवाडा किंवा पाताळेश्वर किती लांब. ही केंद्र सरकारची संरक्षित स्मारकं आहेत, २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यांच्यापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढे अजून २०० मीटर परवानगीनं. लोकांना वाटतं १०० मीटरच्या आत खिळा पण ठोकता येत नाही. तसं नाही, १६ जून १९९२ च्या आधीच्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. आमचा वाडा १०० च्या बाहेर, पुढच्या २०० मध्ये येतो. फाइल तीनदा परत आली, एकदा तर नकाशावर उत्तर दिशा दाखवली नाही म्हणून.

सिमेंट नको, चुना

ह्यावर मी कोणाशीही भांडायला तयार आहे. आमच्या बाहेरच्या भिंतीचा खालचा पाच फुटांचा पट्टा नव्वदच्या दशकात एका कॉन्ट्रॅक्टरनं सिमेंटनं प्लास्टर केला, वरून ऑइलपेंट. दिसायला झकास. चार वर्षांत ओल पाच फुटांच्या वर, बरोबर जिथे सिमेंट संपत होतं तिथे आली. नंतर ते प्लास्टर ठोकून काढलं तेव्हा मागच्या विटा हातात पेढ्यासारख्या कुस्करत होत्या. कारण साधं आहे, जुन्या भिंतीत जमिनीतून थोडं पाणी चढणारच, चुन्यातून ते सुकून बाहेर जातं, सिमेंट त्याला बाहेर जाऊ देत नाही, मग ते अजून वर चढतं आणि सोबतचा खार विटेतच राहून विटेचा भुगा करतो.

चुन्याचं काम असं. कळीचा चुना आणायचा, म्हणजे भट्टीतून निघालेले खडे. टाकी खणून किंवा लोखंडी पिंपात आधी पाणी भरायचं आणि पाण्यात हळूहळू चुना टाकायचा. उलटं करायचं नाही, चुन्यावर पाणी ओतलं की उकळून अंगावर उडतो, डोळ्यात गेला तर डोळा जातो, गॉगल आणि रबरी हातमोजे पाहिजेतच, लहान मुलं त्या दिवशी मामाकडे. विरवलेला चुना गाळून वर पाणी ठेवून निदान १५ दिवस झाकून ठेवा, आम्ही सव्वा महिना ठेवला, लोण्यासारखा झाला. घाईत वापरला तर न विरलेले कण भिंतीत फुलतात आणि प्लास्टरवर फोड येतात.

पूर्वी चुन्याच्या घाण्याला बैल लावून मळायचे, आता मिक्सर मिळतो. आम्ही प्लास्टरला एक भाग चुना, एक भाग विटांची सुरकी (म्हणजे विटांची भुकटी), दोन भाग धुतलेली वाळू घेतली, त्यात बारीक कापलेला ताग, आणि पाण्यात गूळ आणि बेलफळ चार दिवस भिजवून ते पाणी. गवंड्यानं सांगितलं म्हणून उडदाचं पीठ पण एका भिंतीला घातलं, फरक मला तरी कळला नाही. आधी छोट्या जागेवर नमुना करा, महिनाभर बघा, मगच भिंत. भिंत आदल्या दिवशीपासून भिजवायची, थर बोटभर जाडीपेक्षा जास्त द्यायचा नाही, दुसरा थर पहिला घट्ट झाल्यावर, आणि वर ओलं गोणपाट. भर उन्हात आणि भर पावसात काम नको, म्हणून दिवाळी ते होळी हा सीझन. वर चुन्याचाच रंग, प्लास्टिक पेंट मारला तर सगळी मेहनत पाण्यात.

जमिनीचं पण तसंच. माडीवरच्या मातीच्या जमिनीवर लोक सिमेंटचा थर घालून टाइल्स टाकतात. दहा बाय बाराच्या खोलीत दोन इंची थराचं वजनच एक टनाच्या पुढे जातं, आणि ते सगळं त्याच जुन्या कड्यांवर.

लाकूड

टोकदार स्क्रूड्रायव्हर आणि लाकडी हातोडी घेऊन फिरा. हातोडी मारल्यावर टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर पोकळ. खांबाच्या बुडाशी तळखड्याजवळ आणि तुळईच्या भिंतीतल्या टोकाला स्क्रूड्रायव्हर दाबून बघा, अर्धा इंच सहज घुसला तर कुजलंय. वाळवीच्या मातीच्या रेघा भिंतीवर शोधा, नुसत्या पुसू नका, कुठून येतात बघा, बहुतेक ओल्या जागेतूनच येतात. ओल थांबवा, मग पेस्ट कंट्रोल. आतल्या कोरड्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिकचं पाणी चालतं, पावसाच्या झडीत ते धुऊन जातं.

कुजलंय तेवढंच बदला. तुळईचं दोन फूट टोक गेलं म्हणून चौदा फुटी सागाची तुळई फेकायची नसते, चांगल्या सुताराकडून तिरका सांधा करून नवं टोक जोडता येतं, सागाच्याच खुंट्या मारून. जोडायचं लाकूड जुनं घ्या, भवानी पेठेत टिंबर मार्केटला पाडलेल्या वाड्यांचा साग मिळतो, नवं लाकूड नंतर आकसतं आणि सांधा सैल होतो. (कोणाच्या तरी वाड्याची तुळई आपल्या वाड्यात बसवताना जरा कसंतरी होतं, पण जळणात जाण्यापेक्षा बरं.)

सुरूदार खांबांवर आणि महिरपींवर ऑइलपेंटचे पाच सहा थर असतील. सँडब्लास्टिंग नको, ब्लोलॅम्प तर नकोच. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून ओलं करून, मास्क लावून, हातानं. आमच्या ओसरीच्या चार खांबांना दोन महिने लागले, पण तिसऱ्या खांबावर रंगाखालून केळफुलाच्या पाकळ्या निघाल्या ज्या वडिलांनी पण कधी बघितल्या नव्हत्या, ते नुसते तिथे खुर्ची टाकून बसून राहिले. नंतर बेलतेल (म्हणजे जवसाचं तेल, बेलफळाचं नाही) लावा, पातळ, दोन हात. आणि बेलतेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात, खरंच घेतात, उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

वायरिंग

आगीवरूनच सांगतो. शनिवारवाडा १८२८ साली जळला तेव्हा आतलं सगळं लाकडी काम गेलं, राहिलं ते जोतं, तट आणि दरवाजे. बुधवारवाडा १८७९ च्या आगीत गेला, विश्रामबागला पण त्याच वेळी आग लावली होती. आपल्याकडे आग लावायला कोणी येणार नाही, माळ्यावरची लाकडी पट्टीतली जुनी वायर आणि तिला जोडलेला गीझर पुरेसा आहे. म्हणून रंगाआधी, फरशीआधी वायरिंग. सगळं नवीन, धातूच्या पाइपातून, भिंत न फोडता वरून. प्रत्येक मजल्याला वेगळा एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच), मेनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). गॅस सिलिंडर जिन्याखाली नको, वाड्यात बाहेर पडायला बहुतेक तो एकच जिना असतो.

दर महिन्याला, दर पावसात

काम झालं की लोक विसरतात. एक साधी वही करा. महिन्यातून एकदा पन्हळ, काचेच्या पट्ट्या, मोरीचे पाइप, वाळवीच्या रेघा, भिंतीतली रोपं, सगळं अर्ध्या तासात होतं. घर बंद असेल, मुलं परदेशात असतील, तर शेजाऱ्याला किंवा जुन्या भाडेकरूला किल्ली देऊन ठेवा, नुसत्या कुलपानं वाडा राखला जात नाही.

आणि पहिला जोरदार पाऊस पडत असताना, पडून गेल्यावर नाही, टॉर्च घेऊन माळ्यावर चढा. खिशात खडू ठेवा आणि जिथे थेंब दिसेल तिथल्या वाशावर लगेच फुली मारा, सकाळी लाकूड सुकलं की ती जागा परत सापडत नाही.